नागसेनाची अट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या संयोजकांनी मला जो विषय दिला तो 'दुभंगलेल्या समाजात संवाद' असा आहे. पत्रिकेवर तो वाचला तेव्हा प्रथम मनात आले की, हा विषय अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाकडे कशासाठी? एखाद्या कीर्तनकाराने तो अधिक रसाळपणे मांडला असता. परंतु विचार करता असे वाटू लागले की, संवादाचा प्रश्न हा पुष्कळ अंशी किमतीचा प्रश्न आहे. बोलल्याची किंमत कोणाला मोजावी लागते आणि ऐकून न घेतल्याची कोणाला, हा हिशेब मांडल्याखेरीज 'एकमेकांशी आदराने बोला' हा उपदेश पोकळ ठरतो. तो हिशेब मांडण्याचा आज प्रयत्न करणार आहे. त्यात माझेही एक जुने देणे आहे. तेही आपणांपासून लपवणार नाही.

१९७६ साली मी शिक्षणासाठी औरंगाबादेस आलो. आज त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून एकाच एस. टी.ने आम्ही दोघे निघालो होतो. मी गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा, आणि माझ्याबरोबर होता तो आमच्याच सालगड्याचा मुलगा. शाळेत आम्ही एका वर्गात होतो व गणितात तो माझ्या पुढे होता. त्याने मिलिंद महाविद्यालयात नाव घातले, मी दुसरीकडे. रविवारी मी त्याला भेटायला नागसेनवनात जात असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० साली या शहरात महाविद्यालय काढले. पुढे त्याला 'मिलिंद' हे नाव दिले आणि परिसराला 'नागसेनवन'. या नावांचा अर्थ मला त्या वयात ठाऊक नव्हता. ठाऊक करून घ्यावा असेही वाटले नाही.

मिलिंद म्हणजे मिनँडर हा ग्रीक वंशाचा राजा. भिक्खू नागसेनाशी त्याने केलेली प्रश्नोत्तरे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहेत. राजा वादविवादात मोठमोठ्यांना निरुत्तर करणारा होता. तो नागसेनाला म्हणाला, आपण माझ्याशी पुन्हा चर्चा कराल काय? त्यावर नागसेनाने एक अट घातली. पंडित ज्या रीतीने चर्चा करतात त्या रीतीने करणार असाल तर करीन, राजे करतात त्या रीतीने असेल तर नाही. राजाने विचारले, दोहोंत फरक काय? नागसेनाचे उत्तर थोडक्यात असे : पंडितांच्या चर्चेत मुद्दा उलगडला जातो, खोडला जातो, चूक कबूल केली जाते, आणि त्यावरून कोणी रागावत नाही. राजा मात्र एक मत मांडतो, आणि जो त्याच्याशी असहमत होईल त्याला शिक्षा फर्मावतो. राजाने अट मान्य केली. त्यानंतरच चर्चा सुरू झाली.

एका शिक्षणसंस्थेला बाबासाहेबांनी या राजाचे नाव द्यावे आणि ज्या जागेत ती उभी आहे तिला त्या भिक्खूचे, यात मला मोठे औचित्य दिसते. संवादावरचे आपले बहुतेक लेखन वाणीच्या मार्दवाविषयी असते. नागसेनाने मार्दव मागितले नाही. असहमतीबद्दल शिक्षा होणार नाही, एवढेच त्याने मागितले. आणि ते मागितले कोणाकडे? ज्याच्या हाती शिक्षा करण्याची सत्ता होती त्याच्याकडे.

आता १९७८ कडे येतो. २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्याबरोबर मराठवाडाभर विरोधाचे आंदोलन पेटले, आणि शहरातल्या मोर्चांची झळ पाहता पाहता खेड्यांतल्या दलित वस्त्यांना लागली. 'झळ' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. घरे जाळली गेली, माणसे गाव सोडून पळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. दोन समाजांत दंगल झाली असे याचे वर्णन त्या काळी कानावर येई व आजही येते. ते खरे नाही. मारणारे आणि मार खाणारे कोण होते, हे सर्वांस ठाऊक होते.

मी त्या वेळी एकोणीस वर्षांचा होतो, आणि मी विरोधी मोर्चात होतो. 'मराठवाड्याची अस्मिता' हे शब्द मी घसा बसेपर्यंत ओरडलो आहे. आमच्या घोषणांत बाबासाहेबांचा अवमान नव्हता, आमचा प्रश्न केवळ प्रदेशाच्या नावाचा होता, असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला समजावीत असे. नागसेनवनात जाणे मात्र त्या आठवड्यापासून बंद झाले.

पाच वर्षे आम्ही दोघे बोललो नाही. १९८३ च्या दिवाळीच्या सुटीत मी त्याच्या घरी गेलो. मी तेव्हा नुकताच अधिव्याख्याता झालो होतो आणि तो जालन्यास एका कचेरीत नोकरीस होता. एका गावात वाढूनही त्याच्या घरात जाण्याची माझी ती पहिलीच वेळ होती. त्याने मला बसवले आणि ऑगस्ट १९७८ मधली ती रात्र क्रमाने सांगितली. कोणत्या बाजूने माणसे आली, म्हातारी आजी कशी उचलून नेली, ज्वारीत किती वेळ लपून काढला. घरात एक पत्र्याची पेटी होती. वसतिगृहात चोरी होईल या भीतीने त्याच्या वडिलांनी मुलाची मॅट्रिकची व पुढची सारी प्रमाणपत्रे त्या पेटीत ठेवली होती, कारण घरापेक्षा सुरक्षित जागा दुसरी कोणती असणार? पेटी वितळली नाही, पण आतल्या कागदांची राख झाली. प्रमाणपत्रांच्या नकला मिळवण्यासाठी त्याला पुढे वर्षभर खेटे घालावे लागले. दर खिडकीवर एकच प्रश्न, मूळ प्रती कोठे गेल्या? जळल्या म्हटले की पुढचा प्रश्न, कशा?

तो हे सांगत असता मी दोनदा मध्ये बोललो. एकदा म्हणालो, शहरात आम्हांला याची कल्पना नव्हती. दुसऱ्यांदा म्हणालो, जाळणारे आणि आम्ही मोर्चेवाले वेगळे होतो. दोन्ही वेळा तो थांबला. शांतपणे म्हणाला, "तुझं झालं की मी पुढचं सांगतो." तिसऱ्यांदा मी बोललो नाही. त्याची आई चहा घेऊन आली आणि तिने मला "मालक" म्हणून हाक मारली. मी तिला पुष्कळ विनवले की मला नावाने हाक मारा. ती हसली, आणि पुढे हयात असेपर्यंत मालकच म्हणत राहिली.

याहून अवघड गोष्ट त्याच भेटीत कळली. जाळपोळीनंतर पंधरा दिवसांनी आमच्या गावी शांतता समितीची बैठक भरली होती. चावडीत खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांवर फौजदार, तलाठी आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी बसली होती. वस्तीतले चार वडीलधारे खाली पायरीपाशी उभे होते. त्यांना विचारण्यात आले, तुमची कोणाविरुद्ध तक्रार आहे काय? ते म्हणाले, नाही. गावात सलोखा आहे असा कागद झाला, त्यावर त्यांचे अंगठे घेण्यात आले व प्रतिष्ठितांच्या सह्या झाल्या. त्या सह्यांत माझ्या वडिलांची सही आहे. वडील वाईट माणूस नव्हते. आपण गावात समेट घडवून आणला असे त्यांना मरेपर्यंत मनापासून वाटे. त्या बैठकीत कोणी आवाज चढवला नव्हता, सगळे आदराने बोलले होते. तरीही ती राजाच्या रीतीची चर्चा होती.

त्या चार माणसांनी 'तक्रार नाही' असे का म्हटले, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. ऑगस्ट हा खुरपणीचा महिना. वस्तीतल्या बायकांना खुरपणी मिळायची ती ज्यांच्या शेतात, ते चावडीत खुर्चीवर बसलेले. सालगड्याचे वर्ष पाडव्याला संपते आणि त्याने घेतलेली उचल मालकाच्या वहीत असते. गावातली पिठाची गिरणी, किराणा दुकान, जनावर चारायला लागणारा बांध, विहिरीची वाट, यांतले काहीच त्यांच्या मालकीचे नाही. अशा माणसाने तक्रार आहे असे म्हणायचे, तर त्याने दुसऱ्या दिवशीची भाकरी पणाला लावायची. माझ्या वडिलांनी 'चूक झाली' असे म्हटले असते तर त्यांना काय गमवावे लागले असते? थोडी प्रतिष्ठा. एका पारड्यात भाकरी आणि दुसऱ्यात प्रतिष्ठा असताना दोघांनाही 'मोकळेपणाने बोला' असे सांगणे ही थट्टा होय.

म्हणून संवादाच्या इतिहासात मी काही अशा गोष्टी जमा धरतो, ज्यांत संवाद हा शब्दही आढळत नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली झालेला भूमिहीनांचा सत्याग्रह ही त्यांतली एक. दुसरी रोजगार हमी योजना. १९७२ च्या दुष्काळात तिचा विस्तार झाला, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. रोजगार हमीवर मी पुढे पुष्कळ वर्षे शिकवले. मजुरीचे दर, मृद्संधारण, तलाव, सारे शिकवले. पण आमच्या गावात तिचा जो परिणाम मी डोळ्यांनी पाहिला तो पुस्तकात नव्हता. पाझर तलावाच्या कामावर मजुरी मिळू लागल्यावर वस्तीतला माणूस पाडव्याला माझ्या वडिलांशी बोलताना प्रथमच खाली न बघता बोलला. सालाचा आकडा त्याने स्वतः सांगितला. वडील त्या दिवशी फार चिडले होते. माझ्या मते आमच्या घरातला पहिला खरा संवाद तो होय.

आता दुसऱ्या बाजूचेही बोलले पाहिजे, नाही तर मी माझ्याच तरुणपणावर सूड उगवतो आहे असे आपणांस वाटेल. नामांतरास विरोध करणारे सारेच जातीयवादी होते, असे आपल्या व्यासपीठांवरून त्या काळी सर्रास बोलले गेले. ते चूक होते. विरोधकांत हैदराबाद मुक्तिसंग्रामातले गोविंदभाई श्रॉफ होते, 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंतराव भालेराव होते. निजामाविरुद्ध लढलेली ही माणसे. त्यांचा युक्तिवाद मला आज मान्य नाही. प्रदेशाचे नाव आणि बाबासाहेबांचे नाव यांत विरोध मानण्याचे कारणच नव्हते. परंतु 'आमच्याविषयीचे निर्णय मुंबईत होतात आणि आम्हांला कोणी विचारत नाही' ही त्यामागची वेदना खोटी नव्हती. १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत राहिलेला हा भाग, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ साली अहवाल दिला तेव्हा साऱ्या राज्याचा विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला, त्यात एकट्या मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटींचा. सिंचन, रस्ते, शाळा, वीज, साऱ्यांतच मागे. ज्या प्रदेशात नोकऱ्या मोजक्या आणि पदवीधर दरवर्षी वाढते, तेथे विद्यापीठ ही एकच गोष्ट 'आपली' म्हणून उरते. आमच्यासारख्या पोरांचा राग या टंचाईचा होता. तो उतरला मात्र ज्यांच्या वाट्याला सर्वांत कमी आले होते त्यांच्यावर. हे उलगडून सांगणे हे समाजवाद्यांचे काम होते. आपण ठराव केला आणि खेड्यात जाऊन बोलायचे राहिले. १९७७ मध्ये समाजवादी पक्ष जनता पक्षात विलीन झाला होता, जनता पक्ष त्या सरकारात होता, त्यामुळे ही जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही. एसेमसारख्यांनी नामांतराची बाजू घेऊन आपल्याच चाहत्यांचा रोष पत्करला, हे खरे आहे. पण एसेम किती होते?

येथे साने गुरुजींची आठवण होते. मे १९४७ मधला पंढरपूरचा उपवास सर्वांना माहीत आहे. त्याआधी गुरुजी काही महिने महाराष्ट्रभर गावोगाव हिंडत होते, सभा घेत होते, लोकांच्या शंका ऐकत होते, हे आपण विसरतो. पायपीट आधी झाली, उपवास नंतर. आणि केवळ पायपिटीने बडवे बधले नसते, हेही तितकेच खरे. संवाद करायचा की संघर्ष, असा प्रश्न जे टाकतात त्यांनी दोहोंपैकी एकही केलेला नसतो असा माझा अनुभव आहे.

शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव झाले. दोन्ही नावे एका पाटीवर आली. त्यासाठी मधे साडेपंधरा वर्षे गेली, मोर्चे निघाले, हजारो तुरुंगात गेले, आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःस जाळून घेतले. तो दिवस संक्रांतीचा होता. मी तिळगूळ घेऊन मित्राकडे गेलो आणि सवयीने 'गोड बोल' म्हणालो. तो म्हणाला, "गोड बोलायला मी कधी कमी केलं का? चावडीतली माणसंसुद्धा गोडच बोलली होती." मग त्याने तिळगूळ घेतला.

हे सारे आज सांगण्याचे कारण आपणांस कळले असेल. सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने वेगळे वळण घेतले. २० फेब्रुवारी २०२४ रोजी विधिमंडळाने एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात दहा टक्के आरक्षणाचे विधेयक एकमताने मंजूर केले. जूनमध्ये तेथून जवळच वडीगोद्रीला ओबीसींच्या बाजूने उपोषण झाले. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरविषयीचा शासननिर्णय निघाला. कोणाला किती आरक्षण मिळावे हा आज माझा विषय नाही. तो मांडायचा तर शेतीमालाच्या भावापासून आणि सरकारी भरतीपासून सुरुवात करावी लागेल. मला भय वाटते ते सभागृहातल्या एकमताचे. १९७८ सालीही सभागृहात ठराव झाला होता, आणि गावात दोन तोंडे दोन दिशांना होती.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर माझ्या गावात एका ओबीसी दुकानदाराकडे मराठा घरांनी जाणे बंद केले. तसा ठराव कोणी केला नव्हता, दवंडी पिटली नव्हती. माणसे जाईनाशी झाली, इतकेच. मी निवृत्त, वयाने मोठा, गावात मान असलेला, तेव्हा समेट करावा म्हणून दुकानात गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. काय अडचण आहे विचारले तर म्हणाला, "काही नाही सर, सगळं चांगलं चाललंय." एवढे म्हणून तो गप्प राहिला. मला एकदम चावडीच्या पायरीवरची ती चार माणसे आठवली. ती मी कधी पाहिलेलीही नाहीत. या वेळी खुर्चीवर मी होतो.

पुन्हा गेलो तेव्हा कोणाला बरोबर नेले नाही, आणि सांगून गेलो की तू जे बोलशील ते मी कोणाला नावानिशी सांगणार नाही. तरी तो बोलला नाही. तिसऱ्या खेपेला त्याने गल्ल्याखालची उधारीची वही काढून पुढे ठेवली. गिऱ्हाइके गेली त्याचे दुःख होतेच, पण जाताना मागची बाकी न देता गेली, हे त्याला लागले होते. बाकी मागावी तर भांडण जातीचे होणार, न मागावी तर घाऊक व्यापारी थांबत नाही. त्या वहीत माझ्या पुतण्याचेही नाव होते.

पुतण्याकडे गेलो. त्याला तीन एकर कोरडवाहू, सोयाबीनला भाव नाही, दोन मुली शिकताहेत. तो म्हणाला, "काका, तुम्हांला पेन्शन आहे. तुम्ही संवाद करू शकता." हे त्याने रागाने म्हटले, पण मला ते खोडता आले नाही. त्याचेही ऐकायला तीन खेपा लागल्या. आपल्या मुलींना फी भरावी लागते आणि दुकानदाराच्या मुलाला सवलत मिळते, ही त्याची मुख्य सल. तो मुलगा बारावीनंतर दोन वर्षे घरीच बसून आहे आणि दुकानात पुड्या बांधतो, हे त्याला ठाऊक नव्हते. दुकानात जाणे बंद केल्यावर ठाऊक होणार कसे?

दोघांना एकत्र बसवण्याची घाई मी केलेली नाही. गावातल्या काहींनी सुचवले की देवळाच्या सभामंडपात बैठक घ्या, सरपंचांना बोलवा, फोटो काढा. मी नको म्हणालो. गेल्या पाडव्याच्या आधी पुतण्याने मागची सगळी बाकी चुकती केली. रात्री, धाकट्या मुलीच्या हाती पाठवून. दुकानदाराने तिला मोजून पावती दिली आणि वहीतले नाव तिच्यासमोर खोडले. दुकानात मात्र तो अजून गेलेला नाही.